नाणे कैसराचे, माणूस कोणाचा?

रस्त्याच्या कडेला उंच खांबावर बसविलेला कॅमेरा हा आपल्या काळातील मोठा विलक्षण शिपाई आहे. तो शिट्टी फुंकत नाही, हात आडवा करून गाडी थांबवीत नाही, ओळखपाळख मानीत नाही आणि चिरीमिरीही घेत नाही. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्र असो, समोरून जाणाऱ्या वाहनाचा वेग आणि क्रमांक तेवढा तो टिपतो आणि यथावकाश वाहनमालकाच्या मोबाइलवर दंडाचा संदेश येऊन पडतो. चौकातील हवालदाराशी हुज्जत घालता येते, त्याच्यापुढे गयावया करता येते, 'मिस्सेला उशीर होतोय हो साहेब' असे सांगून क्वचित सुटकाही करून घेता येते. खांबावरच्या शिपायापुढे यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही.

साहजिकच त्याच्याविषयी बोलले जाते फार. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, रिक्षाथांब्यावर हा विषय निघाला की प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही ना काही असते. कोणत्या पुलाच्या उतारावर कॅमेरा आहे, कोणता बंद पडला आहे, मोबाइलमधला नकाशा कुठे आगाऊ सूचना देतो, किती महिने दंड भरला नाही तरी चालते, लोकअदालतीत किती सूट मिळते, ही माहिती आपण एकमेकांना मोठ्या आपुलकीने पुरवितो. चोरी कशी करावी याचे मार्गदर्शन कोणी चर्चच्या आवारात इतक्या मोकळेपणाने करू लागला, तर आपण कानांवर हात ठेवू. येथे मात्र कोणालाच काही वावगे वाटत नाही. दंड चुकविणे हे पाप आहे काय, असा प्रश्न कोणी विचारलाच तर पुष्कळजण हसतील. तरीही तो विचारण्याजोगा आहे; कारण त्याच्या उत्तरातून कायद्याविषयीची, शेजाऱ्याविषयीची आणि अखेर परमेश्वराविषयीची आपली समजूत उघडी पडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी मर्यादेपेक्षा वेगाने गाडी चालविल्याबद्दल पहिल्या खेपेस चारशे रुपयांपर्यंत दंड होता. तो हलक्या वाहनांसाठी एक ते दोन हजार रुपये झाला. त्याच दुरुस्तीने रस्त्यांवर यंत्रांद्वारे देखरेख ठेवण्याची तरतूद कायद्यात आली आणि २०२१ साली केंद्र सरकारने त्यासंबंधीचे नियम केले. अशी देखरेख असलेल्या रस्त्यावर आधी ठळक सूचनाफलक लावावा, दंडाची सूचना ठरावीक मुदतीत द्यावी, टिपलेला पुरावा प्रकरण निकालात निघेपर्यंत जपून ठेवावा, असे त्यांत सांगितलेले होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ च्या जुलैपासून अशी व्यवस्था सुरू झाली. तेथे केवळ एका खांबाजवळचा वेग मोजून यंत्रणा थांबत नाही. दोन खांबांमधील अंतर आणि ते कापायला लागलेला वेळ यांवरून सरासरी वेगही काढला जातो. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडला की पुन्हा भरधाव सुटायचे, ही युक्ती तेथे लागू पडत नाही.

आता चालकांचे म्हणणे ऐकून घेऊ. कारण त्यांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या आहेत असे मानणे अन्यायाचे होईल. मर्यादेचा फलक झाडाच्या फांदीआड दडलेला असतो, कुठे तो नसतोच. कुठे मर्यादा अचानक उतरते. क्रमांकाचा एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर ज्या शहरात आपण कधी पाऊल ठेवले नाही तेथील दंड आपल्या नावावर येतो. रस्त्यावरील खड्डे बुजवायला वर्ष लागते आणि दंडाचा संदेश मात्र तत्परतेने येतो, हा विरोधाभास कोणालाही खुपणारा आहे. शिवाय जी रक्कम एखाद्या रिक्षावाल्याची दिवसभराची, क्वचित दोन दिवसांची कमाई असते, तीच एखाद्या धनिकाला हॉटेलातल्या एका जेवणाच्या बिलाइतकीही जाणवत नाही. या शेवटच्या तक्रारीवर फिनलंडने आपला मार्ग शोधला आहे. तेथे गंभीर वेगभंगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका संचालकास ताशी पन्नासच्या मर्यादेत पंचाहत्तरने मोटारसायकल चालविल्याबद्दल १ लाख १६ हजार युरोंचा दंड झाला होता. पुढे अपिलात तो बराच कमी झाला, पण त्यामागील तत्त्व विचार करण्यासारखे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच न्याय्य कायद्याच्या कसोट्या सांगून ठेवल्या आहेत. कायदा सर्वांच्या हितासाठी असावा, ज्याला तो अधिकार आहे त्याने करावा, तो लोकांना कळेल अशा रीतीने जाहीर व्हावा आणि त्याचा भार लोकांवर योग्य प्रमाणात पडावा. फलक झाडाआड असेल तर कायदा नीट जाहीर झाला नाही, असे म्हणायला जागा आहे. पण मग त्यावरचा उपायही त्याच कसोट्यांतून निघतो. चुकीच्या दंडावर हरकत घ्यावी, न्यायालयात दाद मागावी, फलकासाठी अर्ज करावा, लोकप्रतिनिधीला खड्डे दाखवावेत. हा नागरिकाचा अधिकार आहे. ज्याच्यामागे असहाय लोक उभे आहेत अशा सुशिक्षिताचे तर ते कर्तव्यच आहे. हरकत घेणारा आपले नाव सांगतो, सही करतो आणि पुराव्यानिशी बोलतो. त्याच्या हरकतीचा लाभ पुढे शेकडो लोकांना होतो.

लपवाछपवी करणाऱ्याचे तसे नाही. दसऱ्याला गाडीला घातलेला हार सुकून गेला तरी क्रमांकाच्या पाटीवरून काढायचा नाही, पाटीवरचा चिखल मुद्दाम पुसायचा नाही, दुचाकीची पाटी वर वाकवायची, मागे बसलेल्या व्यक्तीने ओढणी तिच्यावर सोडायची, एखादा अंक अर्धवट खरवडायचा, या सगळ्या युक्त्यांनी झाडाआडचा फलक पुढे येत नाही की खड्डा बुजत नाही. आणि एक गोष्ट आपण विसरतो. जी पाटी कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून झाकली, ती रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसालाही दिसत नाही. धडक देऊन निघून गेलेली गाडी कोणाची, हे त्याच्या घरच्यांना कधी कळू नये, अशी व्यवस्था आपण आधीच करून ठेवलेली असते. आपल्या मनात तसे काही नसते, हे खरे. पण झाकलेल्या पाटीला मन नसते.

तरीही सज्जन, नेमाने मिस्सेला जाणारा माणूस यात पाप का पाहत नाही? त्याच्या मनात बहुधा असा हिशेब असतो: सरकारने नियम केला, मोडल्यास दंड ठेवला. मी सापडलो तर दंड भरीन, नाही सापडलो तर माझे नशीब. यात देवाचा संबंध कुठे येतो? नवल असे की हा हिशेब त्याने स्वतः शोधून काढलेला नाही. कॅथॉलिक नीतिशास्त्रात त्याला चांगला जुना वंश आहे. तेराव्या शतकात डॉमिनिकन संघाने आपल्या नियमावलीविषयी असे ठरविले, की हे नियम मोडल्यास सभासदास पाप लागणार नाही, शिक्षा मात्र भोगावी लागेल. मठातील मौनाचा भंग झाला म्हणून कोणाचा आत्मा संकटात पडू नये, हा त्यामागील कोमल हेतू होता. पुढे काही नीतिशास्त्रज्ञांनी हाच विचार राजाच्या कायद्यांना लावला. १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायद्यावरील ग्रंथात फ्रान्सिस्को सुआरेझ या येशूसंघीय पंडितांनी अशा 'केवळ दंडात्मक' कायद्यांची चर्चा केली. जकात, राजाच्या रानातील लाकूडतोड, शिकार यांसारखी उदाहरणे या संदर्भात दिली जात. सापडलास तर दंड दे; सदसद्विवेकबुद्धीला टोचणी लावून घेऊ नकोस, असा त्याचा सामान्य माणसाने घेतलेला अर्थ.

या विचाराला विरोधही पुष्कळ झाला. आज आपल्याला त्याचा धोका कुठे आहे हे एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले आहे. इस्राएलमधील हैफा शहरात दोन अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरांचे निरीक्षण केले. मुलांना न्यायला काही पालक उशिरा येत. त्यांपैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटासा दंड लावण्यात आला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा, झाले उलटेच. उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि दंड रद्द केल्यावरही ती खाली आली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की दंड ही लोकांच्या दृष्टीने किंमत बनली. पूर्वी ताटकळत बसलेल्या बाईंचा चेहरा पालकांच्या डोळ्यांपुढे येई आणि त्यांना संकोच वाटे. आता पैसे मोजले की संकोचाचे कारण उरले नाही. बाई मध्ये उरल्याच नाहीत. उरले ते पैसे आणि पालक.

माझ्या मते वेगाच्या दंडाबाबत आपले नेमके हेच झाले आहे. कॅमेरा आणि आपण यांच्यात एक खेळ सुरू झाला आहे. कधी तो जिंकतो, कधी आपण. दंड चुकविणारा आणि 'दोन हजार भरले, विषय संपला' असे म्हणून पुन्हा भरधाव निघणारा, हे दोघे एकाच खेळातील गडी आहेत. एक किंमत बुडवितो, दुसरा ती चुकती करतो; पण व्यवहार सरकारशी आहे, याविषयी दोघांचे एकमत आहे. या खेळात रस्ता ओलांडणारी बाई कुठेच नसते.

वास्तविक रस्त्यावर असते ती तीच. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. मृतांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. त्यांना कोणतीही वेगमर्यादा तोडता येणे शक्य नव्हते. आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा आहे. ताशी शंभरच्या वेगाने तो छप्पन्न-सत्तावन्न मिनिटांत संपतो, एकशेवीसच्या वेगाने सत्तेचाळीस मिनिटांत. वाचतात ती नऊ-साडेनऊ मिनिटे. ती पुण्यात पोहोचल्यावर पहिल्या दोन सिग्नलांवर खर्च होतात. उलट वेग शंभरचा एकशेवीस झाला की धडकेतील ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि समोरचे संकट ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. मठातील मौनाचा नियम आणि हा नियम यांत फरक आहे तो एवढा. तो मोडल्याने शांतता भंगते; हा मोडल्याने माणूस मरतो. येथे पाचवी आज्ञा कायद्याच्या कितीतरी आधी उभी आहे. संसदेने वेगमर्यादा ठरविली नसती तरी दुसऱ्याचा जीव धोक्यात न घालण्याचे बंधन आपल्यावर होतेच.

ख्रिस्तसभेने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात न्याय्य कर आणि समाजाचे देणे युक्तीने बुडविणाऱ्यांचा उल्लेख आहे. आणि लगोलग आरोग्याचे व वाहनांच्या वेगाचे नियम क्षुल्लक मानणाऱ्यांचाही आहे. आपल्या बेफिकिरीमुळे आपला आणि इतरांचा जीव धोक्यात येतो, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही, असे परिषदेने खेदाने नोंदविले आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणे हा गंभीर दोष मानला. २००७ साली तर व्हॅटिकनने रस्त्यावरील मेषपालकीय सेवेसाठी मार्गदर्शिका काढून चालकांसाठी दहा आज्ञाच दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा आपल्या पाचव्या आज्ञेचीच पुनरुक्ती आहे.

दंड चुकविण्याचा छंद माणसाला कुठवर नेतो, याचे एक उदाहरण मनातून जात नाही. ऑस्ट्रेलियातील निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांची मोटार २००६ साली सिडनीत कॅमेऱ्याने टिपली. ताशी पन्नासच्या रस्त्यावर साठचा वेग, दंड सत्याहत्तर डॉलर. त्यांनी शपथेवर सांगितले, की त्या दिवशी गाडी आपली एक परदेशस्थ मैत्रीण चालवीत होती. चौकशीत उघड झाले, की ती बाई तीन वर्षांपूर्वीच मरण पावली होती. आणि तीही अमेरिकेत रस्त्यावर वाहनाची धडक बसून. एक खोटे झाकायला दुसरे, दुसऱ्याला तिसरे असे होत अखेर २००९ साली या वृद्ध न्यायाधीशांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सत्याहत्तर डॉलर त्यांना जड नव्हते. लहानशा बाबतीत खरे बोलण्याची काय गरज, एवढेच त्यांना वाटले असावे. आणि त्या खोट्यासाठी जिचे नाव हाताशी सापडले, ती स्वतःच रस्त्याची बळी होती.

आपल्याकडे एक सर्वमान्य प्रघात आहे. पुढे कॅमेरा किंवा पोलीस असेल तर समोरून येणाऱ्यांना दिव्यांची उघडझाप करून सावध करायचे. हे योग्य की अयोग्य? वरवर पाहता त्याने वेग कमीच होतो, म्हणजे जे कायद्याला हवे तेच घडते. मी याला दोष म्हणायला धजत नाही. फक्त एक प्रश्न स्वतःस विचारावा: पुढे शाळा सुटली आहे, गुरे रस्त्यावर आली आहेत, मिरवणूक चालली आहे, अशा वेळी माझा हात तितक्याच तत्परतेने दिव्यांच्या बटणाकडे जातो काय? जात असेल तर तो बंधुभाव आहे. केवळ कॅमेऱ्यासाठीच जात असेल, तर तो एका खेळातील गड्यांचा आपापसांतील इशारा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुन्या धार्मिक चित्रांत एका त्रिकोणात परमेश्वराचा डोळा काढलेला असे. देव सारे पाहतो, असे सांगून आपल्या आजीने आपल्याला त्या डोळ्याचा धाक घातला. तिचा हेतू चांगला होता. पण नुसत्या धाकावर वाढलेली भक्ती देवाला नकळत खांबावरचा कॅमेरा करून टाकते. मग पापनिवेदन म्हणजे दंड भरण्याची खिडकी, प्रायश्चित्त म्हणजे दंडाची रक्कम आणि मृत्युशय्येवरील पश्चात्ताप म्हणजे लोकअदालतीतील सवलत. जेथे डोळा नाही तेथे मोकळीक. कॅमेरा क्रमांक पाहतो, वेग पाहतो, दंड लिहितो आणि विसरतो. गाडीत कोण आहे आणि गाडीपुढे कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. परमेश्वराची दृष्टी या दोघांवरच असते. चालक त्याचे लेकरू आहे आणि पादचारीही. त्याची नजर आपल्याला पकडण्यासाठी नव्हे, तर आपणही त्या दुसऱ्या लेकराकडे त्याच्यासारखे पाहावे म्हणून आपल्यावर खिळलेली आहे.

ही दृष्टी मुलांना कोण देणार? मागच्या आसनावर बसलेले मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करते. पण 'कॅमेरा आला, जरा हळू घ्या' आणि 'गेला, आता चला' हे दोन शब्द ते आईवडिलांच्या तोंडून ऐकते. पाठ केलेले विसरले जाते, ऐकलेले मुरते. पुढे परीक्षेत, नोकरीत, संसारात ते मूल कॅमेरा कुठे आहे हेच आधी शोधू लागले, तर आपण त्याला दोष कसा द्यावा? त्याऐवजी एखादा बाप गाडीचा वेग कमी करताना 'पुढे वस्ती आहे' एवढेच बोलला, तर त्या तीन शब्दांत शेजारप्रीतीचा पूर्ण धडा आहे.

मुळात हे यंत्र कसे निर्माण झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मॉरिस गॅटसोनिडेस हे डच गृहस्थ मोटारींच्या शर्यतींतील नावाजलेले चालक होते; १९५३ साली त्यांनी माँटे कार्लोची शर्यत जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावे, म्हणून त्यांनी वेग मोजण्याचे साधन तयार केले. त्यांचा हेतू अधिक वेग साधण्याचा होता, हे खरे. पण जगभर पोलिसांच्या हाती गेलेले हे यंत्र प्रारंभी एका माणसाने स्वतःकडे पाहण्यासाठी वापरले होते. आपण त्याला आत्मपरीक्षण म्हणतो. रात्रीच्या प्रार्थनेत दिवसभराच्या पापांची उजळणी करताना आज मी रस्त्यावर कोणाला घाबरवले, कोणाला मागे उडी मारायला लावली, कोणाच्या जिवाच्या मोलावर माझी मिनिटे वाचवली, हे प्रश्न तीत यायला हरकत नाही. गाडीच्या आरशाला आपण रोझरी लटकवितो, ती याच आठवणीसाठी असावी.

नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. त्याच महिन्यातील तिसरा रविवार रस्त्यांवरील अपघातांत बळी पडलेल्यांच्या स्मृतीसाठी जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली त्यास मान्यता दिली. आपल्या बहुतेक धर्मग्रामांच्या दफनभूमीत अशा अकाली मृत्यूची एखादी तरी कबर असते. त्या रविवारच्या मिस्सेत त्यांची नावे वाचली जावीत. त्या नावांपैकी एकालाही दंडाच्या पावतीने परत आणता आलेले नाही.

कराविषयी पेचात पकडू पाहणाऱ्यांना प्रभू येशूने नाणे दाखवायला सांगितले आणि त्यावर कोणाची प्रतिमा आहे, असे विचारले. कैसराची प्रतिमा होती म्हणून ते नाणे कैसराचे ठरले. दंडाच्या रकमेवरही शासनाची मुद्रा असते. ती न्याय्य असेल तर भरावी, अन्याय्य असेल तर उघडपणे नाकारावी, आणि तो हिशेब तेथेच मिटतो. पण काळोखात, दिवे नसलेल्या रस्त्याच्या कडेने, हातात पिशवी घेऊन जो माणूस घरी चालला आहे, त्याच्यावर दुसऱ्याच कोणाची तरी प्रतिमा उमटलेली आहे. तेथे खांब नसतो आणि कॅमेराही नसतो. त्याच्या बाजूने जाताना आपण वेग किती ठेवतो, याचा हिशेब कैसराकडे मागितला जाणार नाही.